अर्धे डॉक्टर

आमच्या बीड जिल्ह्यात अर्धं काही कुणी कबूल करत नाही. नळाला पाणी येणार म्हटलं की ते चोवीस तास येणार, रस्ता होणार म्हटलं की तो थेट चौपदरी होणार, आणि पोराला क्लासला घातलं की क्लासवाला निकालाआधीच त्याला डॉक्टर करून फलकावर चढवणार. अशा मुलखात एक माणूस बीडमध्ये वीस-बावीस वर्षं दवाखाना मांडून बसला आणि समोर येणाऱ्या प्रत्येकाला न चुकता ‘अर्धं होईल’ असं सांगत राहिला. तरीही त्यांच्या जिन्यावर गर्दी असायची, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

ते कातडीचे डॉक्टर. चामखीळ जाळणं, मस काढणं, जड दागिन्यांनी फाटलेली कानाची पाळी शिवणं अशी बारीकसारीक कामं ते करत, पण त्यांचं खरं काम खड्ड्यांचं. मुरूम येऊन जातात आणि गालावर खड्डे ठेवून जातात. ते भरून घ्यायला गेवराईपासून अंबाजोगाईपर्यंतची तरणी मुलं-मुली त्यांच्याकडे येत. पूर्ण जातील ना, असं प्रत्येक जण विचारी आणि उत्तर ठरलेलं असे. अर्धं म्हणजे किती, असं एकीने माझ्यासमोरच विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, “अर्धं म्हंजे असं, की आरशात बघून तू म्हणशील काहीतरी झालंय. आन शेजारीण म्हणंल, होतं तसंच हाय. दोघी बी खऱ्या.” यावरून गावाने त्यांचं नाव अर्धे डॉक्टर ठेवलं. स्टँडवर रिक्षात बसून कातडीचा दवाखाना म्हटलं की रिक्षावाला मागे न बघता विचारायचा, “अर्ध्याकडं का?”

माझा त्यांच्याशी अडीच वर्षं संबंध आला आणि त्यातलं निदान दीड वर्ष मी त्यांच्यावर वैतागलेला होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांची आरती ओवाळतोय असं कुणाला वाटायला नको.

मी केजच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, मुलगी वर्षा आमच्याकडे राहत होती, कारण तिची शाळा केजला होती. शाळा म्हणजे ती शिकत होती ती नव्हे, शिकवत होती ती. पहिलीचा वर्ग. तिचे वडील, आमचे दाजी, जवळच्याच गावात शेती करत आणि शेतीतून वेळ काढून राजकारण करत. निदान ते तसं सांगत. माझ्या मते क्रम उलटा होता.

करोना गेला, लोकांनी मास्क काढून टाकले. काहींनी त्या मास्कने स्कूटी पुसली. वर्षाचा मास्क मात्र गेला नाही. बाहेर जाताना मास्क, त्यावर स्कार्फ. घरात उघडी असायची, पण दाराची कडी वाजली की हात पहिला कानाकडे जायचा. पाहुणे असले की जेवायला ती स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसे. अकरावीत मुरूम आले तेव्हा कुणा मैत्रिणीने एक मलम सांगितलं होतं. औषधाच्या दुकानात कागद न दाखवता मिळणारं, खरूज-नायट्यापासून गोरेपणापर्यंत सगळ्यावर चालणारं. लावलं तोवर चेहरा तुळतुळीत राहिला. सोडलं तेव्हा असा उसळला की दोन्ही गालांवर आणि कानशिलांवर खड्डे ठेवूनच शांत झाला.

शाळेने दोन वर्षं चालवून घेतलं. मग मुख्याध्यापिकाबाईंनी तिला बोलावून सांगितलं, की पहिलीच्या मुलांना बाईंचं तोंड दिसलं पाहिजे. ‘ळ’ म्हणताना जीभ कुठे जाते हे मास्कमधून कसं कळणार? मुलं ‘ळ’ला ‘ल’ म्हणायला लागली होती आणि पालक विचारायला लागले होते. पुढच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर मास्क काढून शिकवावं, नाहीतर कार्यालयात लिहायचं काम घ्यावं. बाईंचं चुकत नव्हतं, हीच पंचाईत होती. वर्षाला शिकवण्यापलीकडे दुसरं काही नको होतं. तिने येऊन मला एवढंच म्हटलं, “मामा, मला बीडला न्या.” अडीच वर्षांच्या फेऱ्या तिथून सुरू झाल्या.

दवाखाना एका औषधाच्या दुकानाच्या वर होता. खालचं दुकान मलम विकायचं आणि वरचे डॉक्टर त्याचे परिणाम निस्तरायचे. दोघांचा एकच जिना होता आणि भांडण मात्र मी कधी ऐकलं नाही. पहिल्या दिवशी दोन तास बसल्यावर आम्हाला आत घेतलं. सावळा, बुटका, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेला माणूस. नाव-गाव विचारायच्या आधी ते उठले आणि त्यांनी ट्यूबलाइट बंद केली. मला वाटलं वीज वाचवतात. मग त्यांनी वर्षाला खिडकीजवळच्या स्टुलावर आडवं बसवलं, मास्क काढायला सांगितलं आणि खिडकीचा पडदा अर्धा ओढून उजेड बरोबर गालाच्या बाजूने येईल असा केला.

मी तिचा मामा. रोज एका घरात राहत होतो. पण त्या उजेडात तो गाल पाहून मी खिडकीबाहेर बघायला लागलो. प्रत्येक खड्ड्याला सावली आली होती.

“सर, इकडं बघा,” डॉक्टर मला म्हणाले. “समोरून उजेड मारला की सगळेच देखणे. बाजूनं मारल्यावर खरं कळतंय.”

मी म्हटलं, खरं आम्हाला माहीत आहे, म्हणून तर आलो. ते म्हणाले, “माहीत हाय, पर बघितलेलं न्हाई.” आणि त्यांनी त्या आडव्या उजेडात तीन फोटो काढून फाईलला लावले. मला तो क्रूरपणा वाटला. वर्षाला काय वाटलं ते मी विचारलं नाही.

त्यानंतर त्यांनी काय केलं? काही नाही. गोळ्या आणि एक मलम देऊन तीन महिन्यांनी या म्हणाले. अजून चार मुरूम जिवंत आहेत, ते मेल्याशिवाय खड्ड्याला हात लावणार नाही. “पाऊस पडायलाय तवर रस्ता करून काय उपेग?” आमच्याकडे सगळे रस्ते पावसातच होतात, असं मी सांगितलं. ते हसले नाहीत. तीन महिन्यांनी गेलो तेव्हा एक मुरूम उरला होता. त्या एका मुरमासाठी त्यांनी आम्हाला आणखी महिनाभर परत पाठवलं. दीड तास जाताना, दीड तास येताना, एसटीत उभं राहून. परतताना मी जे बोललो ते वर्षाने खिडकीबाहेर बघत ऐकून घेतलं.

त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर एक मोठं कॅलेंडर होतं आणि त्यावर जागोजागी लाल फुल्या. पहिल्यांदा मला त्या सुट्ट्या वाटल्या. त्या सुट्ट्या नव्हत्या. आपल्या भागात माणसाच्या तोंडाला काही ना काही फासण्याचे जे दिवस असतात, ते त्यांनी नव्या सालाच्या सुरुवातीलाच बसून काढलेले असत. लग्नाच्या दाट तिथी, म्हणजे हळद. रंगपंचमी. गणपती विसर्जन, म्हणजे गुलाल. खंडोबाची यात्रा, म्हणजे भंडारा. आणि सोसायटीपासून विधानसभेपर्यंत कुठल्याही मतमोजणीचा दिवस, म्हणजे पुन्हा गुलाल. सुई हातात घेण्याआधी प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न असायचा: “येत्या पंधरा दिवसांत तोंडाला काही लागणार हाय का?”

त्या प्रश्नावरून त्यांनी माणसं परत पाठवलेली मी पाहिली आहेत. एकदा एक नवरदेव लग्नाची पत्रिका घेऊनच आला. लग्न आठ दिवसांवर, खड्डे घालवा. डॉक्टरांनी पत्रिका शांतपणे वाचली, मुहूर्ताची वेळही वाचली, आणि ती परत देत म्हणाले, “हळदीला तोंड सोडून बाकी सगळीकडं लावू देणार का तुजी आत्या?” मुलगा म्हणाला, आत्या ऐकत नाही. “मग आत्याला घेऊन ये. तिला आधी तपासतो.” मुलगा पुन्हा आला नाही; तो बहुधा खड्ड्यांसकट लग्न होऊन सुखी असावा.

दुसरा एक कार्यकर्ता चार जणांसह आला होता. त्याने वाढदिवसाच्या फ्लेक्सचा फोटो मोबाइलवर काढून टेबलावर ठेवला. फ्लेक्सवरचा चेहरा लोण्यासारखा होता. समोर बसलेल्या मूळ चेहऱ्यावर लहानपणापासूनचे सगळे मुरूम नोंद करून गेले होते. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की लोक फ्लेक्स बघून भेटायला येतात आणि मग थबकतात, तर हा चेहरा त्या चेहऱ्यासारखा करून द्या. डॉक्टरांनी मोबाइल हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “हे कुणी केलं?” फ्लेक्सवाल्याने, त्याने सांगितलं. “त्याला एक मिनिट लागलं आसंल. मला आठ महिने लागतेत आन ह्याच्या अर्धंच होतंय. त्याच्याकडंच ऱ्हावा तुमी.” बरोबर आलेले चौघे चिडले. कार्यकर्ता मात्र जाताना हळूच पुढची तारीख घेऊन गेला.

शेवटी सहाव्या फेरीला आमची सुई सुरू झाली. काय करणार ते त्यांनी वर्षाला फार चांगलं समजावलं, हे मला मान्य करावं लागेल. “गादी बघितलीस ना? टाका घातला की तितं खळगा पडतो. कापूस कमी नसतो तितं, टाका खाली वढून धरतो त्याला. तुज्या गालात बी कातडीखाली असे टाके पडलेत. मी सुई आडवी घालून ते तोडणार. मग कातडी हळूहळू वर येती. सगळी न्हाई.” अरुंद, खोल खड्ड्यांत ते काडीच्या टोकाने औषधाचा थेंब टाकत, तिथे आधी पांढरा ठिपका उमटे आणि मग खपली धरे. गाल सुन्न करूनही सुईचा आवाज आतून ऐकू यायचा. वर्षा म्हणाली, “मामा, जुनं धोतर फाडल्यासारखा आवाज येतो.” तो दिवसभर माझ्या कानात राहिला, आणि सुई तर तिच्या गालात होती.

सुईनंतर गाल काळा-निळा पडायचा आणि वर डॉक्टरांची पथ्यं. उन्हात जायचं नाही, गेलीस तर छत्री. हिवाळ्यात छत्री घेऊन जाणारी मुलगी केजमध्ये लोकांनी पहिल्यांदा पाहिली. खपली काढायची नाही. घरगुती काही लावायचं नाही. हळद, लिंबू, कोरफड, डाळीचं पीठ, जे काही खाता येतं ते खायचं. प्रत्येक वेळी ट्यूब बंद, पडदा अर्धा, तेच स्टूल, तोच फोटो. दोन वेळा तर त्यांनी आम्हाला तारीख देऊन परत पाठवलं. एकदा चुलत बहिणीची हळद होती, एकदा रंगपंचमी. फरक किती पडला, असं मी विचारलं की ते म्हणत, आत्ताच कसं सांगू. मी त्यांच्या तोंडून एक चांगला शब्द निघावा म्हणून जिवाचं रान केलं. माझ्या ग्रंथालयातलं कपाट त्यांच्यापेक्षा जास्त बोलायचं.

पण तिसऱ्या सुईनंतर महिन्याभराने, बीडहून परतताना, गाडी मांजरसुंब्याला थांबली. आम्ही रसवंतीवर उतरलो. वर्षा नेहमी ग्लास घेऊन कडेला जायची, पाठ करून, मास्क हनुवटीवर ओढून प्यायची. त्या दिवशी तिने मास्क काढला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि माझ्यासमोर, रसवंतीवाल्यासमोर, भर रस्त्यात उभी राहून सगळा ग्लास प्याली. वर बर्फ मागितला. रसवंतीवाल्याने बर्फ दिला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी रसाचे पैसे दिले. काही बोललो असतो तर तिने मास्क परत लावला असता.

चौथी सुई दिवाळीच्या आधी ठरली होती. सुट्टी संपली की शाळेची मुदत संपणार होती. आणि नेमकी त्याच सुमारास दाजींच्या गावची ग्रामपंचायतीची निवडणूक आली. दाजी सरपंचपदाला उभे. याआधी तीनदा उभे राहून तीनदा पडलेले, त्यामुळे निकालाबद्दल माझ्या मनात फारशी शंका नव्हती. डॉक्टरांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला, आणि वर्षा उत्तर द्यायच्या आत मी म्हणालो, “काही नाही.”

त्यांनी मागे वळून कॅलेंडर पाहिलं. पाचव्या दिवसावर लाल फुली होती. “तुमच्या गावची निवडणूक हाय ना, सर?”

“आम्ही केजला राहतो,” मी म्हणालो.

हे वाक्य शब्दशः खरं होतं. मी जन्मभर पुस्तकांत राहिलेला माणूस. खरं वाक्य खोट्या कामाला कसं लावायचं हे मला चांगलं येतं. पुढे ढकललं तर पुन्हा महिना जाणार, मुदत जाणार, वर्ग जाणार, असा माझा हिशेब होता. वर्षाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. डॉक्टरांनी सुई घेतली.

दाजी निवडून आले.

मतमोजणी केजच्या तहसीलला होती. दुपारी एकच्या सुमाराला ढोल ऐकू आले, आणि गावाकडे जायच्या ऐवजी ते आमच्या गल्लीकडे वळले, कारण तीनदा पडलेल्या माणसाला पहिला पेढा मेहुण्याला द्यायचा होता. पुढे जेसीबी होता. रस्ते खणायला कधी वेळेवर न येणारं ते यंत्र गुलाल उधळायला बरोबर वेळेवर आलं होतं. त्याच्या सोंडेतून दोन माणसं गुलाल सांडत होती आणि सगळी गल्ली गुलाबी झाली होती. वर्षा आतल्या खोलीत होती. गालांवर खपल्या, वर मलम. मी दारात आडवा उभा राहिलो. पण अक्का माझ्या हाताखालून आत गेली. तिच्या दोन्ही मुठी भरलेल्या होत्या.

“पोरी, तुजा बाप सरपंच झाला गं,” ती म्हणाली आणि तिने मुठींतला गुलाल लेकीच्या दोन्ही गालांवर चोळला. मग तिला उराशी धरलं आणि दोघी रडायला लागल्या.

मी ‘अक्का, थांब’ म्हटलं. निदान म्हटलं असं मला आठवतं. बत्तीस वर्षं लोकांना हळू बोला म्हणून सांगण्यात माझा आवाज कायमचा बसलेला आहे. संध्याकाळी गाल धुताना मी वर्षाला विचारलं, की तू तरी थांबवायचंस. ती म्हणाली, “आईचे हात कसे धरू, मामा? पंधरा वर्षांनी हसायली ती.”

त्यानंतर चौथ्या दिवशी आम्ही बीडला गेलो तेव्हा तिचा उजवा गाल दोन ठिकाणी पिकला होता आणि बाकी जिथे जिथे खपली निघाली होती तिथे काळपट लाल डाग उमटले होते. डॉक्टरांनी ट्यूब बंद केली, पडदा ओढला, पाहिलं. “गुलाल,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

“काही न्हाई, असं कोण म्हणलं होतं?”

“मी.”

“कावून?”

मी मुदत सांगितली, शाळा सांगितली, ‘ळ’ सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी आभार मानले असते. ते म्हणाले, “सर, अर्धं मी करतो. अर्धं घरच्यांनी करायचं असतंय. लोकान्ला वाटतंय मी कमी देतो म्हणून.”

हे वाक्य त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मला त्या क्षणीही वाटलं. भिंतीवर लिहून ठेवायला हवं होतं, त्या कॅलेंडरच्या जागी. पण पहिल्या दिवशी मी ते ऐकलं नसतं, हेही मला माहीत होतं.

मग त्यांनी वर्षाला विचारलं, शाळा कधी उघडते. सोमवारी, ती म्हणाली. “मास्क लावायचा न्हाई.”

अडीच वर्षांत वर्षाने त्यांच्याशी वाद घातल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी घातला. “डॉक्टर, चांगला झाल्यावर काढणार होते मी. आता तर लावायलाच पायजे. हे घेऊन कशी उभी राहू पोरांसमोर?”

“आत घाम येतोय, कापड घासतंय, पू वाढतोय. महिनाभर तोंड उघडं. सावलीत ठिव, पर उघडं.” त्यांनी गोळ्या लिहिल्या. “तुला वाटत आसंल मी शिक्षा करायलोय. शिक्षा ह्यांना करायची होती,” आणि त्यांनी पेनाने माझ्याकडे दाखवलं, “पर ह्यांच्या तोंडाला काही झालेलं न्हाई.”

परतताना मांजरसुंब्याला गाडी थांबली. आम्ही दोघेही उतरलो नाही.

सोमवारी ती उघड्या तोंडाने शाळेत गेली. मी ग्रंथालयात बसून दिवसभर एकाच पुस्तकाची नोंद करत होतो. संध्याकाळी ती आली, चपला काढल्या, पाणी प्याली आणि मग सांगितलं. वर्गात शिरल्यावर सगळी पोरं गप्प झाली. त्यांनी तिचं तोंड कधी पाहिलेलंच नव्हतं. बाई बदलली का काय, असं काहींना वाटलं. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून जवळ आली, नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, “मॅडम, तुमच्या तोंडाला गुलाल राह्यलाय.”

“मग तू काय म्हणालीस?” मी विचारलं.

“म्हणाले, राह्यलाय खरा. धुतला तरी निघंना. निघंल हळूहळू. तर ती म्हणाली, आमच्या पप्पाच्या कानात बी राह्यलाय. मग सगळ्यांच्याच घरी कुणाच्या ना कुणाच्या राह्यलेला निघाला.” वर्षाने रिकामा पेला खाली ठेवला. “मग मी ‘ळ’ घेतला. सगळ्यांनी जीभ बघितली. तासभर नुसतं बाळ, फळ, केळ, नळ.”

तिने शाळेत मास्क पुन्हा लावला नाही. डाग जायला मात्र आठ महिने लागले आणि त्या आठ महिन्यांत डॉक्टरांनी गालाला सुई लावली नाही. मी वैतागलो नाही. वैतागायचा हक्क मी गमावला होता, आणि त्याची सवय असलेल्या माणसाला ते फार जड जातं. पुढच्या दोन सुया झाल्या तेव्हा वर्षा एकटीच बीडला जाऊ लागली होती. डॉक्टर तिला प्रश्न विचारत आणि ती खरी उत्तरं देई. दाजींच्या सत्काराला ती एकदा दाराबाहेर उभी राहिली आणि आईला म्हणाली, गुलाल पायावर टाक. अक्काने पायावर टाकला. इतकं सोपं होतं ते.

मग एक दिवस डॉक्टरांकडून निरोप आला, की मामालाही घेऊन ये. आम्ही गेलो तर जिना रिकामा होता. आत खुर्ची, स्टूल, कॅलेंडर सगळं जागेवर, पण कॅलेंडरवर त्या वर्षी एकही फुली नव्हती. त्यांनी उजवा हात टेबलावर उताणा ठेवला. बोटं थरथरत होती. “मागल्या महिन्यात एका पोराच्या गालाजवळ हात नेला आन ध्यानात आलं. तितंच सुई ठिवली. त्याला उठवलं, दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी दिली.” आता उमापूरला जाणार, म्हणाले, भावाकडे. तिथे कुणी खड्ड्यांचं विचारत नाही, फक्त बोअरला किती पाणी आहे ते विचारतात. तिथेही ते काय सांगणार हे मला माहीत होतं.

मग त्यांनी उठून ट्यूब बंद केली. वर्षा सवयीने स्टुलावर आडवी बसली. पडदा अर्धा ओढून ते बराच वेळ पाहत राहिले, इतका वेळ की मला चुळबूळ सुटली. फाईलमधला पहिला फोटो काढून त्यांनी गालाजवळ धरला. फोटो हलत होता.

“किती झालं?” वर्षाने विचारलं.

“अर्ध्यापेक्षा थोडं जास्त,” डॉक्टर म्हणाले.

वीस-बावीस वर्षांत हे वाक्य त्या खोलीत कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. वर्षाने ते पकडलं. “लिहून द्या,” ती म्हणाली. त्यांनी फाईल ओढली, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि शेवटच्या पानावर काहीतरी लिहून फाईल तिच्या हातात दिली. तिने उघडून पाहिलं. वेड्यावाकड्या अक्षरात एकच शब्द होता: अर्धं.

“डॉक्टर,” ती म्हणाली.

“तोंडी सांगितलं ते तुज्यापुरतं. कागदावर अर्धंच.”

आम्ही निघालो. जिन्याच्या वळणावर एक लहान खिडकी आहे, दुपारचा उजेड तिथून आडवा येतो. वर्षा तिथे थांबली आणि म्हणाली, “मामा, तुमी सांगा. खरं सांगा.”

मी तिला खिडकीकडे कडेने उभं केलं आणि अडीच वर्षांत पहिल्यांदा तिच्या गालाकडे नीट पाहिलं. खड्डे होते. सावल्या होत्या, पण उथळ.

“अर्धं,” मी म्हणालो.

“आन थोडं जास्त?”

“त्याला माझ्याकडे कागद नाही.”

“तुमी बी त्यांच्यातलेच झालात,” ती वैतागून म्हणाली, आणि छत्री उघडून पुढे निघाली.